वंडर वूमनच्या ऑफिसातल्या बायका

१९४२ साली न्यूयॉर्कच्या ‘ऑल-अमेरिकन’ या कॉमिक्स कंपनीचे मालक मॅक्स गेन्स यांनी आपल्या बालवाचकांना एक प्रश्न विचारला. वंडर वूमन ही बाई आहे, तरीही तिला ‘जस्टिस सोसायटी’त, म्हणजे सुपरहिरोंच्या मंडळात, सभासद करून घ्यावं का? भरून आलेल्या पहिल्या १८०१ प्रश्नावल्या मोजल्या गेल्या. १२६५ मुलगे आणि ३३३ मुली ‘घ्यावं’ म्हणाल्या. ‘नको’ म्हणणारे मुलगे होते १९७, आणि मुली फक्त ६.

इतका स्वच्छ कौल मिळाल्यावर वंडर वूमन मंडळात आली आणि तिला काम मिळालं सेक्रेटरीचं. या मंडळाच्या गोष्टी गार्डनर फॉक्स लिहायचे. बाकीचे वीर मोहिमेवर निघाले की ती त्यांना निरोप देऊन मागे थांबायची आणि बैठकीचं टिपण ठेवायची. त्याच काळात ‘सेन्सेशन कॉमिक्स’ या दुसऱ्या मासिकात हीच बाई बंदुकीच्या गोळ्या मनगटावरच्या कड्यांनी परतवत होती. पात्र तेच, वेष तोच, मालकही तोच. लिहिणारा बदलला की तिचं बळ बदलत होतं.

सुपरहिरो कॉमिक्समधल्या नायिकांचा सगळा इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे. नायिकेला किती शक्ती द्यायची हे गोष्टीच्या गरजेपेक्षा प्रकाशकाच्या टेबलावर ठरलं. कोण लिहितं, कोण संपादन करतं, अंक कुठल्या दुकानात विकला जातो आणि मालकाला कुणाच्या तक्रारीची धास्ती आहे, यावर ते अवलंबून राहिलं. त्या टेबलाभोवती काही बायकाही होत्या. वंडर वूमन जगाला माहीत आहे. या बायकांची नावं फार थोड्यांना माहीत आहेत.

या धंद्याची घडी बसली ती ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाने. जून १९३८ अशी त्यावर तारीख होती आणि किंमत होती दहा सेंट. त्यात सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना विकून टाकले होते. त्याच पहिल्या गोष्टीत लोइस लेन आहे. पत्रकार, धीट, फटकळ आणि स्वतःच्या बातमीसाठी कुठेही घुसणारी. चित्रकार शुस्टरने तिच्यासाठी जोॲन कार्टर या मुलीला समोर बसवून रेखाटनं केली होती. पुढे जोॲनने जेरी सीगलशी लग्न केलं आणि सुपरमॅनच्या निर्मात्यांना त्यांचं श्रेय नि पैसे मिळावेत म्हणून ती शेवटपर्यंत भांडत राहिली. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ वाचलेल्या पिढीला लोइस पाहून वेताळाची मैत्रीण डायना पामर आठवत असेल. ली फॉकचा वेताळ वर्तमानपत्रात आला १९३६ मध्ये, म्हणजे सुपरमॅनच्याही आधी. लोइस आणि डायना दोघी एकाच काळाच्या मुली आहेत: हुशार आणि धाडसी, पण खरी शक्ती शेजारच्या पुरुषाकडे.

सुपरमॅन खपला तशी नकलांची रांग लागली आणि त्या गर्दीत शक्ती असलेल्या बायकाही आल्या. फेब्रुवारी १९४०च्या ‘जंगल कॉमिक्स’मध्ये फँटोमा नावाची जंगलाची राखणदार होती. ती संतापली की तिच्या सुंदर चेहऱ्याची कवटी व्हायची. त्याच वर्षी वर्तमानपत्रात अदृश्य होणारी स्कार्लेट ओनील आली. पण या सगळ्यांत मला मोलाची वाटते ती ‘मिस फ्युरी’. ६ एप्रिल १९४१ला रविवारच्या पुरवणीत ती सुरू झाली आणि सुमारे दहा वर्षं चालली. काळ्या बिबट्याच्या कातड्याचा अंगभर पोशाख घालणारी ही श्रीमंत तरुणी लिहिणारी आणि काढणारी व्यक्ती सही करायची ‘टार्पे मिल्स’. पहिलं नाव जून होतं, ते तिने गाळलं होतं, कारण असल्या मारामारीच्या चित्रकथेची लेखक बाई आहे हे कळलं तर मुलगे वाचणार नाहीत असा तिचा अंदाज होता. बाईने निर्माण केलेली पहिली सुपरहिरोइन पुरुषी वाटणाऱ्या नावाआडून वाचकांपुढे आली. मिल्सच्या चित्रांत कपड्यांचं शिवण, टोप्या आणि खोल्यांतलं फर्निचर नेमकं असतं. तिच्या बायका एकमेकींशी भांडतात तेव्हा केस ओढतात, पंप-शूज हातात घेऊन मारतात. तो काळ कसा दिसत होता हे पाहायचं असेल तर या पट्ट्या आजही उपयोगी पडतात.

मग आली वंडर वूमन. १९४०च्या ऑक्टोबरात ‘फॅमिली सर्कल’ या गृहिणींच्या मासिकात डॉ. विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाची मुलाखत छापून आली. कॉमिक्सने मुलं बिघडतात का, असा विषय होता, आणि डॉक्टरांचं मत कॉमिक्सच्या बाजूचं होतं. गेन्सनी ती वाचली आणि त्यांना सल्लागार म्हणून नेमलं. मार्स्टन हार्वर्डचे पदवीधर. खोटं बोलताना रक्तदाब वाढतो या निरीक्षणावर त्यांनी एक चाचणी बसवली होती. १९२३च्या फ्राय खटल्यात न्यायालयाने ती पुरावा म्हणून नाकारली. तो निकाल अमेरिकेतल्या वकिलांना आजही शिकवला जातो. न्यायालयात न चाललेली ती चाचणी कॉमिकमध्ये खरं बोलायला लावणारा जादूचा दोर होऊन आली.

सल्लागार झाल्यावर मार्स्टन यांनी सांगितलं की तुमच्या सगळ्या वीरांमध्ये एक स्त्री हवी, आणि तिची शक्ती मायेशी जोडलेली हवी. ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात, १९४१च्या शरद ऋतूत, ती अवतरली. जानेवारी १९४२ची तारीख असलेल्या ‘सेन्सेशन कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर ती होती, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या नावाचं स्वतंत्र मासिक निघालं. लेखकाचं नाव ‘चार्ल्स मोल्टन’ असं छापलं जायचं. चित्रकार होते हॅरी पीटर. तरुणपणी ‘जज’ या साप्ताहिकात स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने व्यंगचित्रं काढलेला हा माणूस तेव्हा साठीत होता.

पण ‘फॅमिली सर्कल’मधली ती मुलाखत घेणारी ‘ऑलिव्ह रिचर्ड’ कोण होती? ती होती ऑलिव्ह बर्न, आणि ती मार्स्टन यांच्याच घरात राहत होती. घरात एलिझाबेथ होलोवे ही कायद्याची पदवीधर पत्नी होती. ती नोकरी करून बराचसा खर्च चालवायची. ऑलिव्ह मुलं सांभाळायची. दोघींना मार्स्टनपासून दोन-दोन मुलं होती, आणि हे नातं बाहेरच्यांपासून लपवलेलं होतं. ऑलिव्ह मनगटात रुंद कडी घालायची. वंडर वूमनची गोळ्या अडवणारी कडी तिथून आली. इतिहासकार जिल लेपोर यांनी २०१४च्या आपल्या पुस्तकात हे सगळं कागदपत्रांसह मांडलं.

ऑलिव्हची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर. या दोघी बहिणींनी १९१६ साली ब्रुकलिनमध्ये अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं. पोलिसांनी ते बंद पाडलं, आणि १९१७च्या जानेवारीत एथेलने तुरुंगात उपोषण केलं. मार्गारेट सँगर म्हणजे १९३५च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी संततिनियमनावर वाद घालणाऱ्या बाई. र. धों. कर्व्यांनी मुंबईत आपलं केंद्र काढलं होतं १९२१ मध्ये. ॲमेझॉन बायकांचं बेट, पुरुषांच्या कैदेतून सुटलेली राणी, तुटणाऱ्या बेड्या हा सगळा ऐवज या चळवळीतून त्या घरात आणि घरातून कॉमिकमध्ये आला होता. मताधिकाराच्या व्यंगचित्रांत साखळीने बांधलेली बाई वारंवार दिसते. पीटर यांच्या हाताला ती सवयीची होती.

साखळ्यांवरूनच मोठी तक्रार झाली. १९४३ साली बालसंगोपनाच्या क्षेत्रातल्या जोझेट फ्रँक या सल्लागार बाईंनी गेन्सना लिहिलं की या अंकांत बायकांना सारखं बांधून ठेवलेलं दाखवतात, हे मला पसंत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या वर्षांचे अंक काढून पाहा, कुठलं तरी पान उघडलं की दोर, साखळी किंवा पिंजरा दिसतो. मार्स्टनना त्यात समर्पणाचं तत्त्वज्ञान दिसत होतं, पण वैयक्तिक ओढही त्यात होती हे उघड आहे. मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. बेडी तोडण्याची गोष्ट सांगायला बेडी काढावी लागते, आणि मार्स्टनना ती काढायला गरजेपेक्षा जास्त आवडत होती.

गेन्सनी ऑफिसातल्या संपादक बाईंना कामाला लावलं. डोरोथी रूबिचेक त्यांचं नाव. साखळ्या न वापरता बायकांना कैदेत दाखवण्याचे कोणकोणते प्रकार असू शकतात, याची यादी त्यांनी एका सकाळीच करून दिली. गेन्सनी ती मार्स्टनना पाठवली आणि बरोबर लिहिलं की यामुळे साखळ्या निम्म्या ते पाऊण तरी कमी करता येतील, आणि गोष्टीची रंगत किंवा खप घटणार नाही. मार्स्टन बधले नाहीत. खप चांगला होता, त्यामुळे गेन्सनीही फार ताणलं नाही. एका नायिकेच्या अंगावरच्या साखळ्यांचा प्रश्न शेवटी खपाच्या आकड्यांनी मिटला.

१९४४ मध्ये जॉय हमेल ही विशीतली मुलगी मार्स्टन यांच्या हाताखाली आली. कॅथरिन गिब्स या सेक्रेटरी घडवणाऱ्या शाळेत मार्स्टन मानसशास्त्र शिकवत. तिने परीक्षेत लिहिलेली उत्तरं त्यांना इतकी आवडली की त्यांनी तिला मदतनीस म्हणून घेतलं. त्याच वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि कामाचा मोठा भार तिच्यावर आला. तीन वर्षांत तिने वंडर वूमनच्या सत्तरहून जास्त संहिता लिहिल्या. पानागणिक चौकटी किती, चौकटीत कोण कुठे उभं, कुणाच्या तोंडी काय, हे सगळं संहितेत लिहून चित्रकाराकडे द्यावं लागतं. छापताना नाव तेच राहिलं, चार्ल्स मोल्टन.

वंडर वूमनच्या अंकात तेव्हा आणखी एक सदर होतं, इतिहासातल्या खऱ्या कर्तबगार बायकांच्या चित्रचरित्रांचं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून ते सुरू झालं, आणि सहसंपादक म्हणून टेनिसपटू ॲलिस मार्बलचं नाव छापलं जायचं. खेळण्याच्या वयातल्या लाखो मुलांच्या हाती दहा सेंटात ही चरित्रं पडत होती. कॉमिकने केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. युद्धामुळे पुरुष चित्रकार सैन्यात गेले होते आणि ‘फिक्शन हाउस’सारख्या कंपन्यांत बायकांना जागा मिळाल्या होत्या. नाझींच्या तावडीतून सुटून व्हिएन्नाहून इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला पोचलेली लिली रेने ही ज्यू मुलगी तिथे ‘सेन्योरिटा रिओ’ या हेर नायिकेची पानं काढायची. युद्ध संपल्यावर पुरुष परतले आणि यातल्या बहुतेक बायका या धंद्यातून बाहेर पडल्या.

१९४७ साली मार्स्टन आणि गेन्स दोघेही वारले. हमेलने लग्नानंतर काम सोडलं. मार्स्टन यांची पत्नी एलिझाबेथ हिने आता वंडर वूमन छापणाऱ्या डीसी कंपनीला पत्र लिहून तिचं संपादन आपल्याकडे मागितलं. ते दिलं गेलं नाही. सूत्रं रॉबर्ट कॅनिघरकडे गेली. तेव्हा बाजारात प्रेमकथांच्या कॉमिक्सची चलती होती आणि वंडर वूमनलाही हळूहळू त्या वळणावर नेण्यात आलं. लग्न कधी करणार, हा तिच्यापुढचा प्रश्न झाला. कर्तबगार बायकांचं सदर आक्रसत गेलं आणि त्याची जागा देशोदेशींच्या लग्नाच्या चालीरीतींनी घेतली.

१९५४ हे या धंद्याचं वाईट वर्ष. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं कॉमिक्सविरुद्धचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. वंडर वूमन मुलींपुढे भलता आदर्श ठेवते, असा वर्थम यांचा आरोप होता. मॅट बेकर या कृष्णवर्णी चित्रकाराने काढलेल्या ‘फँटम लेडी’च्या एका मुखपृष्ठाचा त्यांनी पुस्तकात नमुना म्हणून वापर केला. वर्थम हे काही खलपुरुष नव्हते. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी जवळजवळ फुकट दवाखाना चालवला, आणि शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या खटल्यांतही त्यांच्या कामाचा उपयोग झाला. पण त्यांची कागदपत्रं २०१०मध्ये अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरोल टिली यांनी ती तपासली. मुलांच्या जबान्या वर्थम यांनी कापल्या, जोडल्या आणि सोयीप्रमाणे फिरवल्या होत्या, हे टिली यांनी २०१२ साली दाखवून दिलं.

सरकारी बंदीच्या भीतीने प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ करून घेतला. मुखपृष्ठावर त्याचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलत नव्हते. स्त्रियांची चित्रं अवयव न फुगवता काढावीत, असा एक चांगला नियम त्यात होता. कुटुंबाचं आणि विवाहाचं पावित्र्य राखावं, हाही होता. या दुसऱ्या नियमाखाली जन्मलेल्या नायिका कशा दिसतात ते बॅटवूमनच्या पिशवीत पाहावं. १९५६ साली ती आली. बॅटमॅनच्या कमरेला हत्यारांचा पट्टा असतो, तिच्याकडे खांद्याला लटकवायची पर्स होती. पावडरच्या डबीत शिंका आणणारी पूड, केसांच्या जाळीचा फासा, बांगड्यांच्या बेड्या. सुपरगर्ल १९५९मध्ये आली. सुपरमॅनइतकीच ताकद असलेल्या या चुलतबहिणीला त्याने अनाथाश्रमात ठेवलं आणि तुझी शक्ती कुणाला कळू देऊ नकोस म्हणून बजावलं. जगाला ती कळली १९६२ साली. लोइस लेनच्या नावाचं मासिक १९५८ ते १९७४ असं १३७ अंक चाललं. त्याचं पूर्ण नाव होतं ‘सुपरमॅनची मैत्रीण लोइस लेन’.

मार्व्हल कंपनीचा नवा जमाना नोव्हेंबर १९६१च्या ‘फँटॅस्टिक फोर’पासून मोजतात. चौघांत एक बाई, सू स्टॉर्म, इनव्हिजिबल गर्ल. अदृश्य होणं एवढीच तिची शक्ती. अकराव्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी एक विलक्षण गोष्ट केली. सू काही कामाची नाही, तिला काढून टाका, अशी पत्रं वाचकांकडून येत होती. ती पत्रंच त्यांनी गोष्टीत आणली. सू रडते. तिची बाजू घेणारा रीड रिचर्ड्स अब्राहम लिंकनच्या आईचा दाखला देतो, की थोर माणसामागे बाई असते. लेखकांचा हेतू चांगला होता आणि उत्तर किती तोकडं होतं! खरं उत्तर त्यांनी बाविसाव्या अंकात दिलं: सूला अदृश्य भिंत उभी करण्याची शक्ती मिळाली. त्या एका बदलाने ती चौघांत बहुधा सगळ्यांत ताकदवान ठरली. ‘गर्ल’ जाऊन ‘वूमन’ व्हायला मात्र १९८५ साल उजाडलं. तोवर ती आई झालेली होती.

आता पुन्हा वंडर वूमनकडे. १९६८ साली डीसीने तिची शक्ती, वेष, कडी सगळं काढून घेतलं. ती पांढरे कपडे घालून न्यूयॉर्कमध्ये कपड्यांचं दुकान चालवू लागली आणि एका अंध गुरूकडून मारामारी शिकली. लेखक डेनी ओनील यांना ती स्वतःच्या हिमतीवर जगणारी बाई करायची होती. स्त्रीमुक्ती चळवळीतल्या ग्लोरिया स्टाइनम आणि लहानपणी जुने अंक वाचलेल्या तिच्या मैत्रिणींना ती लुटली गेलेली बाई दिसली. जुलै १९७२मध्ये त्यांच्या ‘मिझ’ मासिकाच्या पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर जुन्या वेषातली महाकाय वंडर वूमन शहरातून चालताना दाखवली होती. त्याच वर्षी मार्स्टनच्या काळातल्या गोष्टींचा संग्रहही त्यांनी काढला. १९७३च्या सुरुवातीला २०४व्या अंकात तिला शक्ती परत मिळाली.

तो २०४वा अंक जपून वाचण्यासारखा आहे. कॅनिघर लेखक आणि संपादक म्हणून परत आले होते. आधीच्या दोन वर्षांत डीसीत एक बाई पुन्हा रुजू होऊन गेल्या होत्या. त्या म्हणजे साखळ्यांची यादी करणाऱ्या डोरोथी रूबिचेक, लग्नानंतरच्या डोरोथी वूलफोक. त्यांच्या संपादनाखाली लोइस लेनने वर्तमानपत्रातली नोकरी सोडली, मैत्रिणींबरोबर बिऱ्हाड केलं आणि स्वतंत्र पत्रकारिता सुरू केली. १९७२मध्ये त्यांना कंपनीतून जावं लागलं. कॅनिघरच्या अंकात सुरुवातीलाच एक बंदूकधारी डॉटी कॉटनमन नावाच्या मासिकाच्या संपादक बाईला गोळी घालतो. वूलमध्ये लोकर आहे, कॉटनमध्ये कापूस. रोख कुणावर होता हे ऑफिसात कुणालाही कळण्यासारखं होतं. बायकांच्या चळवळीचा विजय म्हणून ज्या अंकाची आठवण काढतात, त्याची सुरुवात एका खऱ्या बाईचा असा सूड घेऊन होते. ही गोष्ट मला फार लागते.

मार्व्हलने त्याच १९७२ साली बायकांसाठी तीन मासिकं काढली आणि तिन्हींच्या लेखनाला बायका घेतल्या. लिंडा फाइट यांचं ‘द कॅट’ आणि जीन टॉमस यांचं ‘नाइट नर्स’ चार अंकांत बंद झालं, कॅरोल सूलिंग यांचं ‘शाना’ पाच अंकांत. ‘स्पायडर-वूमन’ आणि १९८०ची ‘शी-हल्क’ या नायिका निघाल्या त्या मुख्यतः नावाचे हक्क राखायला. टीव्ही मालिका काढणारे बाई-हल्क काढतील आणि नाव हातचं जाईल, ही कंपनीची भीती होती. अशा कारणाने जन्मलेली शी-हल्क पुढे वकील म्हणून इतकी रसरशीत झाली, हे तिच्या नंतरच्या लेखकांचं यश.

नायिकांच्या नशिबात सगळ्यांत मोठा फरक कशाने पडला, असं विचारलं तर मी विक्रीच्या पद्धतीचं नाव घेईन. चाळीस वर्षं कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर आणि औषधांच्या दुकानातल्या फिरत्या जाळीवर विकली गेली. न खपलेल्या अंकाचं मुखपृष्ठ फाडून पाठवलं की दुकानदाराला पैसे परत मिळत, बाकीचा अंक रद्दीत जाई. एक अंक खपावा म्हणून दोन-तीन छापावे लागत. पण त्या जाळीपाशी मुलगे-मुली सगळेच येत. १९७३च्या सुमाराला ब्रुकलिनचे शिक्षक फिल सूलिंग यांनी प्रकाशकांना नवी रीत सुचवली: मी अंक जास्त कमिशनवर घेतो आणि परत करत नाही. त्यातून खास कॉमिक्सची दुकानं उभी राहिली. केवळ या दुकानांसाठी मार्व्हलने काढलेला पहिला अंक एका नायिकेचा होता, १९८१चा ‘डॅझलर’. तो चार लाखांवर गेला. धंदा तगला, पण दुकानात येणारं गिऱ्हाईक मुख्यतः मोठे होत चाललेले मुलगे होते आणि चित्रं त्यांच्या नजरेसाठी निघू लागली. कोडमधला तो अवयव न फुगवण्याचा नियम नव्वदच्या दशकात फारसा कुणी पाळला नाही.

त्यातही चांगलं काम झालं, आणि बहुतेक वेळा टेबलाशी कुणी बाई होती. क्रिस क्लेरमाँटच्या ‘एक्स-मेन’मधल्या स्टॉर्म, जीन ग्रे, किटी प्राइड या नायिका त्या काळात सर्वांत जिवंत आहेत, आणि लुईज सायमनसन आणि ॲन नोसेंटी त्या मासिकाच्या संपादक होत्या. १९८७ला जॉर्ज पेरेझ यांनी वंडर वूमन नव्याने उभी केली तेव्हा कॅरन बर्गर संपादक होत्या. १९८८मध्ये एका गोष्टीत जोकरने बॅटगर्लला गोळी घालून कायमचं अपंग केलं, तेही तिच्या वडिलांना छळण्यासाठी. ते न पटलेल्या किम येल यांनी पती जॉन ऑस्ट्रँडरसह तिला चाकाच्या खुर्चीतली ‘ओरॅकल’ केलं, सगळ्या वीरांना माहिती पुरवणारी. १९९९मध्ये गेल सिमोन या वाचक बाईंनी पुरुष नायकाला दुःख व्हावं एवढ्यासाठी मारल्या-मोडल्या गेलेल्या स्त्रीपात्रांची लांबलचक यादी प्रसिद्ध केली. काही वर्षांत त्याच वंडर वूमन लिहू लागल्या.

२०१४ची ‘मिझ मार्व्हल’, म्हणजे न्यू जर्सीतली पाकिस्तानी वंशाची शाळकरी मुलगी कमला खान, हीसुद्धा संपादक सना अमानत यांनी आपल्या बालपणीचे किस्से ऑफिसात सांगितल्यामुळे सुचली. लेखन जी. विलो विल्सन यांचं. २०१५मध्ये तिच्या पहिल्या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. हे संग्रह खास दुकानांच्या बाहेर, पुस्तकांच्या दुकानांत आणि ग्रंथालयांत गेले, आणि मुली पुन्हा वाचक म्हणून दिसू लागल्या.

बॅटमॅनची घडण करूनही हयातीत श्रेय न मिळालेल्या बिल फिंगर यांच्या नावाने उपेक्षित कॉमिक्स-लेखकांना दर वर्षी एक पुरस्कार दिला जातो. २०१८ साली तो दोघींना मिळाला. एक डोरोथी रूबिचेक वूलफोक, मरणोत्तर. दुसरी जॉय हमेल, वय ९४. वंडर वूमनची शेवटची संहिता लिहून हमेलना तेव्हा ७१ वर्षं झाली होती. ५ एप्रिल २०२१ला, सत्त्याण्णवाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, त्या वारल्या.